दहा सेंटिमीटरचा नियम

बल्गेरियात काळ्या समुद्राच्या काठी वसलेल्या वार्ना शहरात जुलै २०२१ मध्ये युरोपीय बीच हँडबॉल अजिंक्यपद स्पर्धा झाली. महिलांच्या गटात जर्मनीने सुवर्णपदक जिंकलं, डेन्मार्क दुसरा आला आणि कांस्यपदकाच्या लढतीत स्पेनने नॉर्वेला हरवलं. एवढ्यावरच सारं संपलं असतं, तर ही स्पर्धा युरोपाबाहेर कुणाच्या कानीही पडली नसती. पण १८ जुलैच्या त्या कांस्यपदकाच्या लढतीत नॉर्वेच्या खेळाडू नियमात सांगितलेली बिकिनी न घालता मांडीला घट्ट बसणाऱ्या आखूड शॉर्ट्स घालून वाळूवर उतरल्या. दुसऱ्याच दिवशी युरोपीय हँडबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने ‘अयोग्य पोशाखा’बद्दल दर खेळाडूमागे १५० युरो, म्हणजे एकूण १,५०० युरोंचा दंड जाहीर केला. आठवडाभरात ही बातमी जगभर पोचली. अमेरिकी गायिका पिंकने हा दंड आपण भरू, असं जाहीरपणे सांगितलं. नॉर्वेचे मंत्री महासंघावर टीका करू लागले. पुढच्या चार महिन्यांच्या आत आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघाचा नवा पोशाख-नियम जाहीर झाला आणि १ जानेवारी २०२२ पासून तो लागूही झाला. या प्रकरणावर बहुतेक लेखन झालं ते कपड्यांच्या अंगाने. माझ्या मते त्यातला खरा प्रश्न वेगळा आहे. खेळाचा नियम हा खेळाला उत्तरदायी असला पाहिजे. ‘तू इथे का आहेस?’ असं कुठल्याही कलमाला विचारलं, तर त्याला खेळाच्या भाषेत उत्तर देता आलं पाहिजे. ज्या कलमाला ते देता येत नाही, ते छापलेलं असलं आणि बहुमताने संमत झालेलं असलं, तरी नियम म्हणवून घ्यायला ते पात्र नाही.

ही कसोटी लावायला बीच हँडबॉलइतका योग्य खेळ सापडणं अवघड, कारण हा खेळ शतकानुशतकं घडत आलेला नाही, तो ठरवून रचलेला आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीच्या पोन्झा बेटावर त्याची पायाभरणी झाली. पहिली युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा २००० मध्ये इटलीतल्याच गाएता इथे भरली, तर पहिली जागतिक स्पर्धा २००४ मध्ये इजिप्तमध्ये. सभागृहातला हँडबॉल सात-सात खेळाडूंचा, कठीण तळावर टप्पे देत खेळायचा, अंगाला अंग भिडवणारा. तो तसाच उचलून वाळूत आणला असता, तर चालला नसता. किमान ४० सेंटिमीटर खोल वाळूत चेंडूचा टप्पा उठत नाही, धावताना पाय रुततात आणि दमछाक दुप्पट होते. म्हणून रचनाकारांनी मैदान २७ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद एवढंच ठेवलं. प्रत्येक बाजूला गोलरक्षकासह चारच खेळाडू ठेवले. चेंडू जमिनीवरून नेता येत नाही, तर तो हवेतून जावा, असं त्यांनी ठरवलं आणि हवेतल्या कौशल्याला जादा मोल दिलं. साध्या गोलला एक गुण. पण उडी मारून हवेतच पूर्ण गिरकी घेत मारलेल्या गोलला दोन. सहकाऱ्याने उंच टाकलेला चेंडू उडीत झेलून, पाय वाळूला टेकण्याआधी जाळ्यात धाडला, तरी दोन.

हे नियम जरा जवळून पाहण्यासारखे आहेत, कारण त्यांच्यामागचा विचार उघड दिसतो. गोलरक्षकाने केलेला गोलही दोन गुणांचा. त्यामुळे आपला संघ चढाईवर गेला, की गोलरक्षक गोल सोडून पुढे येतो किंवा बाजूच्या रेषेवरून बाहेर पडतो आणि त्याच्या जागी गोलरक्षकाच्याच रंगाचा शर्ट घातलेला एक खास आक्रमक आत शिरतो. आता चौघे चढाईला आणि समोर बचावाला तिघेच. चेंडू या हातातून त्या हातात, या टोकाकडून त्या टोकाकडे फिरत राहतो, तिन्ही बचावपटू वाळूत पाय ओढत त्याच्यामागे सरकतात, आणि एक जण मोकळा सापडला, की गिरकी. गोल झाला किंवा चेंडू हातचा गेला, की त्या आक्रमकाने जीव तोडून बाहेर पळायचं आणि गोलरक्षकाने गोलकडे. एका क्षणाचा उशीर झाला, तर मोकळ्या गोलवर लांबून फेक येते. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध दहा-दहा मिनिटांचे, पण दोन्हींचे गुण वेगळे मोजले जातात. पूर्वार्धात धूळधाण उडालेला संघ उत्तरार्ध शून्यापासून सुरू करतो. दोघांनी एकेक अर्ध जिंकला, तर एक खेळाडू विरुद्ध गोलरक्षक अशा पाच-पाच फेकींवर निकाल लागतो. यातल्या कुठल्याही कलमाला ‘का?’ विचारा, उत्तर तयार आहे. दोन अर्ध वेगळे का, तर सामना शेवटपर्यंत जिवंत राहावा म्हणून. गिरकीला दोन गुण का, तर वाळूत जे सर्वांत कठीण, त्याला मान मिळावा म्हणून. अंगाशी झोंबाझोंबीवर कडक बंधनं का, तर अनवाणी, संरक्षक साहित्याशिवाय खेळणाऱ्याला इजा होऊ नये म्हणून.

याच नियमपुस्तकात पोशाखाचंही कलम होतं. स्त्रियांनी बिकिनी घालावी. तिचा खालचा भाग अंगाला घट्ट बसणारा, मांडीच्या वरच्या बाजूला तिरका कापलेला असावा आणि कमरेच्या बाजूला त्याची रुंदी १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. पुरुषांनी बिनबाह्यांचा बनियन आणि शॉर्ट्स घालाव्यात. शॉर्ट्स फार ढगळ नसाव्यात आणि गुडघ्याच्या १० सेंटिमीटर वर संपाव्यात. दोन्हीकडे दहा सेंटिमीटरच. पण पुरुषाच्या बाबतीत ते माप गुडघा आणि कापडाची कड यांच्यातल्या मोकळ्या जागेचं होतं, तर स्त्रीच्या बाबतीत खुद्द कापडाचं. मैदान तेच, वाळू तीच, ऊन तेच, गिरकी तीच. चेंडूचा आकार आणि वजन स्त्रियांसाठी कमी ठेवलं आहे, त्याला कारण आहे: हाताचा पंजा लहान असतो, चेंडू पकडीत यावा लागतो. कापडाच्या रुंदीला असं एकही कारण देता येत नाही. त्या कलमाने वेग वाढत नव्हता, इजा टळत नव्हती, पंचांचं काम सोपं होत नव्हतं. बाकीच्या पुस्तकात जागोजागी दिसणारा विचार इथे येऊन थांबलेला दिसतो.

यावर पहिला आक्षेप शिस्तीचा आहे आणि तो वजनदार आहे. नियम सर्वांना ठाऊक होता, नॉर्वेने स्पर्धेत नाव नोंदवतानाच तो मान्य केला होता. आपल्याला न पटणारा नियम प्रत्येक संघ मोडायला लागला, तर स्पर्धा चालायच्या कशा? शिस्तपालन समितीपुढे तरी दंडाशिवाय दुसरा कुठला मार्ग होता? समितीपुरतं हे म्हणणं मी मान्य करते. तिचं काम नियम लावण्याचं होतं, लिहिण्याचं नव्हतं. पण नॉर्वेने काय केलं, तेही नीट पाहिलं पाहिजे. त्यांनी चोरून काही केलं नाही. स्पर्धेआधी त्यांनी शॉर्ट्सची परवानगी मागितली होती आणि ती नाकारली गेली होती. कारवाई होणार, हे माहीत असताना त्या उघडपणे, कॅमेऱ्यांसमोर उतरल्या. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने दंड भरायची तयारी आधीच सांगून ठेवली होती. अन्यायकारक कलम जाहीरपणे मोडायचं, शिक्षा टाळायची नाही आणि त्या शिक्षेतूनच कलमाचं खरं रूप लोकांपुढे आणायचं, ही पद्धत मराठी वाचकाला नवी नाही. १९३० मध्ये आपल्याच किनाऱ्यावर, शिरोड्याला, मिठाचा सत्याग्रह झाला तो याच मार्गाने. दोन्हींचं मोल एकसारखं नाही, हे उघड आहे. साम्य पद्धतीचं आहे. अशा कृतीने शिस्त मोडत नाही. शिस्त मोडते ती नियम लपून मोडल्याने आणि निर्लज्जपणे नाकारल्याने.

शिवाय, रीतसर मार्गाने जा, असं सांगणाऱ्यांनी त्या मार्गाचा हिशेबही मांडला पाहिजे. नॉर्वेची संघटना या पोशाखाबद्दल २००६ पासून तक्रार करत होती. पत्रं गेली, बैठकांत विषय निघाला, आणि २०२१ उजाडलं तरी कलम जागेवरच होतं. पंधरा वर्षांत अर्जांनी जे झालं नाही, ते एका सामन्याने आणि १,५०० युरोंच्या दंडाने चार महिन्यांच्या आत घडवलं. युरोपीय महासंघाने दंडाची ती रक्कम खेळातल्या स्त्री-पुरुष समानतेसाठी काम करणाऱ्या संस्थेला देत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा एका अर्थी आपल्याच दंडाचा पाया कच्चा असल्याची ती कबुलीच होती. यातून निघणारा निष्कर्ष खेळाडूंच्या उतावळेपणाचा नाही. ज्यांच्या अंगावर नियम चढतो, त्यांचं म्हणणं नियम लिहिणाऱ्यांपर्यंत पोचायला पंधरा वर्षं पुरत नसतील, तर दोष त्या वाटेत आहे.

दुसरा आक्षेप बाजाराचा आहे. तो क्वचितच उघड बोलला जातो, पण मनातून अनेकांना पटलेला असतो. नव्या, लहान खेळाला प्रेक्षक हवेत, प्रायोजक हवेत, टीव्हीवर जागा हवी. समुद्रकिनारा, ऊन, उघडी शरीरं हे या खेळाचं रूप आहे आणि त्याच्या जोरावर तो वाढला, तर त्यात खेळाडूंचंच भलं नाही का? याला उत्तर देणारा प्रयोग शेजारच्या खेळात आधीच होऊन गेला आहे. बीच व्हॉलीबॉलमध्ये स्त्रियांना बिकिनी जवळपास सक्तीची होती; तिथे बाजूच्या पट्टीची मर्यादा तर सात सेंटिमीटर होती. लंडन ऑलिंपिकच्या काही महिने आधी, २०१२ मध्ये, आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघाने शॉर्ट्स आणि बाह्यांचे शर्ट घालायची मुभा दिली. त्या उन्हाळ्यात हॉर्स गार्ड्स परेडच्या मैदानावर उभारलेल्या स्टेडियममधल्या बीच व्हॉलीबॉलची गणना ऑलिंपिकच्या सर्वाधिक गर्दीच्या ठिकाणांमध्ये झाली. चार वर्षांनी रिओमध्ये इजिप्तची दोआ एल्घोबाशी हिजाब आणि पायघोळ पोशाखात जर्मनीच्या जोडीविरुद्ध खेळली. जाळ्याच्या दोन बाजूंच्या त्या दोन पोशाखांचं छायाचित्र जगभर छापलं गेलं. प्रेक्षक कुठेही पळाले नाहीत. उलट, ज्या देशांतल्या मुलींना हा खेळ आपला कधी वाटलाच नव्हता, त्यांना तो दिसला.

बाजाराच्या हिशेबातली दुसरी बाजूही मांडली पाहिजे. या कलमामुळे किती प्रेक्षक आले, हे सांगणारे पुढे येतात. किती खेळाडू आल्याच नाहीत, याची मोजदाद कुणी ठेवत नाही. फ्रान्सच्या संघ-व्यवस्थापनाने या वादाच्या वेळी जाहीरपणे सांगितलं, की पोशाखापायी काही खेळाडू त्यांनी गमावल्या. कुणाला धर्मामुळे, कुणाला संकोचामुळे तो नकोसा होता. जो खेळ ऑलिंपिकची स्वप्नं बघतो आणि ज्याने २०१८ च्या ब्यूनस आयर्समधल्या युवा ऑलिंपिकमध्ये सभागृहातल्या हँडबॉलची जागा घेतली, त्याला साऱ्या खंडांतून मुली हव्यात. वयात येणारी मुलगी खेळ सोडण्याच्या उंबरठ्यावर असते, तेव्हा तिच्यासमोर कापडाच्या पट्टीचं माप ठेवणारा खेळ आपल्याच हाताने आपलं दार लहान करून घेतो. भारतापुरतं बोलायचं, तर उत्तराखंडासारख्या समुद्र नसलेल्या राज्यात २०२५ मध्ये झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतही बीच हँडबॉल खेळला गेला. वाळू, दोन गोल आणि एक रबरी चेंडू एवढंच साहित्य लागणारा हा खेळ कोकणातल्या कुठल्याही गावाला परवडेल. तिथल्या मुलीला जुना नियम दाखवला असता, तर तिच्या घरचा निर्णय काय झाला असता, हे सांगायला अभ्यासगटाची गरज नाही.

तिसरा आक्षेप खेळाडूंकडूनच येतो, म्हणून तो अधिक आदराने ऐकायला हवा. अनेक खेळाडूंना बिकिनी सोयीची वाटते. उन्हाचा तडाखा असतो, घाम असतो, कपड्यात वाळू अडकून अंगाला घासते. कमी कापड म्हणजे कमी त्रास. हे खरंच आहे. बीच व्हॉलीबॉलमध्ये मुभा मिळाल्यावरही बहुतेक खेळाडूंनी बिकिनीच पसंत केली, आणि त्यात काहीही वावगं नाही. पण हा युक्तिवाद सक्तीच्या बाजूने जात नाही, निवडीच्या बाजूने जातो. वाळू घासण्याचं कारण खरं धरलं, तर ते पुरुषांनाही तेवढंच लागू पडतं. त्यांच्या शॉर्ट्समध्ये वाळू शिरत नाही, असं नाही. तरी त्यांच्यासाठी असं कलम कुणी लिहिलं नाही. जे सोयीचं आहे, ते सक्तीशिवायही टिकतं.

इथेच चौथा आक्षेप उभा राहतो: हा सगळा विचार म्हणजे जुन्या मर्यादाशीलतेचाच नवा अवतार आहे, बाईने अंग झाकावं असं म्हणणाऱ्यांच्या हाती दिलेलं कोलीत आहे. तसं असतं, तर मी त्याच्या विरोधात उभी राहिले असते. पण मांडलेली कसोटी दोन्ही बाजूंना कापते. जून २०११ मध्ये इराणच्या महिला फुटबॉल संघाला डोक्यावरच्या आच्छादनामुळे जॉर्डनविरुद्धचा ऑलिंपिक पात्रता सामना खेळू दिला नाही. ती बंदी ‘फिफा’ने २०१४ मध्ये अधिकृतपणे मागे घेतली आणि बास्केटबॉलमधली तशीच बंदी २०१७ मध्ये गेली. तिथेही कलमाला खेळाच्या भाषेत उत्तर नव्हतं. नॉर्वेला ज्या दिवसांत दंड झाला, त्याच दिवसांत इंग्लंडमध्ये ऑलिव्हिया ब्रीन या पॅरा-अ‍ॅथलीटला लांब उडीच्या स्पर्धेत एका अधिकाऱ्याने सुनावलं, की तिची धावण्याची चड्डी फारच आखूड आणि अयोग्य आहे. एकीला कापड जास्त म्हणून शिक्षा, दुसरीला कापड कमी म्हणून बोल. ही दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवली, की मर्यादाशीलता आणि प्रदर्शन हे एकमेकांविरुद्धचे पक्ष नाहीत, हे ध्यानात येतं. दोन्हीकडे खेळाडूच्या शरीराचा निर्णय खेळाडूखेरीज दुसऱ्या कुणीतरी घेतलेला आहे. त्याच महिन्यात टोकियोत जर्मनीच्या जिम्नॅस्ट घोट्यापर्यंतचा पोशाख घालून उतरल्या. त्यांच्या खेळात तो नियमाला धरूनच होता, म्हणून दंड झाला नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की ज्यात मन खेळावर राहील, ते प्रत्येकीने घालावं.

बॅडमिंटनच्या चाहत्यांना हा वाद ओळखीचा वाटेल. जागतिक बॅडमिंटन महासंघाने २०११ मध्ये उच्च स्तरावरच्या महिला खेळाडूंना स्कर्ट किंवा ड्रेस सक्तीचा करायचं ठरवलं होतं. कारण देताना खेळ अधिक आकर्षक दिसावा, असं सांगितलं गेलं. खेळाडूंनी आणि अनेक देशांनी विरोध केला, अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आणि २०१२ मध्ये तो विचार सोडून द्यावा लागला. पुढच्या दशकात महिला बॅडमिंटनचा प्रेक्षक भारतात किती वाढला, हे सायना नेहवाल आणि पी. व्ही. सिंधू यांच्या ऑलिंपिक पदकांच्या रात्री घराघरांत दिसलं. तो प्रेक्षक स्मॅश आणि लांबलेल्या रॅली बघायला बसला होता.

पाचवा आक्षेप असा, की हे सगळं किरकोळ आहे. महिला खेळाडूंना मानधन कमी, प्रशिक्षक कमी, सुविधा कमी. तिथे कपड्यांवर एवढी शाई कशाला? मोठे प्रश्न मोठेच आहेत, यात वाद नाही. पण त्यांना पैसा लागतो, इमारती लागतात, वर्षं लागतात. हा प्रश्न सोडवायला एक ओळ खोडायची होती. जी व्यवस्था फुकट होणारी दुरुस्ती पंधरा वर्षं टाळते, ती खर्चाच्या दुरुस्त्या आपणहून करील, यावर विश्वास कसा ठेवायचा? लहान कलम व्यवस्थेची सवय दाखवतं. म्हणून ते लहान असलं, तरी क्षुल्लक नाही.

नवा नियमही या कसोटीतून सुटत नाही. १ जानेवारी २०२२ पासून स्त्रियांसाठी अंगाबरोबरचा बिनबाह्यांचा टॉप आणि आखूड, घट्ट बसणारी शॉर्ट्स असं लिहिलं गेलं. पुरुषांच्या बाजूला मात्र साधी शॉर्ट्सच राहिली, गुडघ्याच्या १० सेंटिमीटर वर संपावी आणि फार ढगळ नको, एवढ्या अटीवर. एकीकडे घट्टपणाचा आग्रह आणि दुसरीकडे तो नाही, हा फरक खेळातून निघालेला नाही. बचावपटूने कापड धरू नये म्हणून ढगळ कपडे नकोत, हे कारण पटण्यासारखं आहे; पण मग ते दोघांना सारखंच लागू व्हायला हवं. त्या वर्षीच्या जूनमध्ये क्रीट बेटावर झालेल्या जागतिक स्पर्धेत जर्मनीच्या महिलांनी वार्नापाठोपाठ जगज्जेतेपदही मिळवलं. पोशाख बदलला, म्हणून गिरकी मंदावली नाही आणि एकही गुण कमी झाला नाही. जुन्या कलमाची खेळाला गरज होती का, याचं याहून स्पष्ट उत्तर मिळणार नाही.

आपल्याकडे हा धडा आत्ता कामाला येणारा आहे, कारण आपलेही मातीतले खेळ नव्याने लिहिले जात आहेत. प्रो कबड्डीने २०१४ पासून कबड्डीला टीव्हीच्या वेगात बसवलं. २०२२ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगने मॅट, पॉवरप्ले आणि ‘वझीर’ हा खास खेळाडू आणला. यातल्या बहुतेक बदलांना ‘का?’ विचारलं, तर उत्तर मिळतं: चढाई रेंगाळू नये, पाठलागाला धार यावी. मुलींच्या स्पर्धा याच झगमगाटात येतील, तेव्हा पोशाखाची, केसांची, दिसण्याची कलमंही कुणीतरी लिहायला बसेल. तेव्हा त्या टेबलाशी खेळणाऱ्या मुली मताधिकारासह बसलेल्या असाव्यात आणि प्रत्येक कलमाशेजारी त्याचं खेळातलं कारण लिहायची सक्ती असावी. कारण लिहिता आलं नाही, तर कलम नाही. संघटनांच्या घटनेत एवढी एक तरतूद आज घालता येते. तिला निधी लागत नाही, आणि ती घालून घेतली, तर आपल्या मुलींना आपलं म्हणणं ऐकवण्यासाठी पदक पणाला लावावं लागणार नाही.